तसबिरींत नसलेलीं माणसें

लग्नाच्या तसबिरींतून नकोसा माणूस पुसण्याची सोय आतां संगणकानें घरोघरीं केली आहे. येझॉव्ह ह्यास १९४० सालीं ठार केल्यावर स्टॅलिनशेजारची त्याची आकृति पुसून तेथें पाणी दाखविण्यांत आलें, हें वाचकांस ठाऊक असेल. आपल्याकडे मात्र ही काटछांट कांचेवर छाया पडण्यापूर्वींच होत असे. मुलाच्या लग्नांत विधवा आई माजघरांत बसे; अक्षतांच्या वेळीं तिनें समोर येऊं नये हा दंडक. जिनें मुलास वाढविलें तीच चित्रांत नाहीं, आणि दूरचा कोणी मामा मधोमध खुर्चीवर! छायाचित्रकारास दोष कसला द्यावयाचा? १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाहास मान्यता दिली. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं तसा विवाह केला व मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. पण पुनर्विवाह न करतां मुलांबाळांत राहिलेल्या विधवेची मंडपांतील जागा कायद्यानें थोडीच ठरणार?

ह्या प्रश्नास हात घातला करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळानें. कमलाभवानीचें देऊळ व तेथील शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहून परतणाऱ्यांस हें नांव क्वचितच ठाऊक असतें. मंडळाच्या चळवळीस अनुसरून शिरोळ तालुक्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें ४ मे २०२२ रोजीं कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें ह्या चाली बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत सरकारनें इतर ग्रामपंचायतींस त्याचें अनुकरण करण्यास सांगितलें.

आमच्या वडिलांच्या लग्नाच्या तसबिरींत आजी कोठेंच सांपडत नाहीं. एकींत दाराआड लुगड्याचा कांठ तेवढा दिसतो; तो तिचाच, असें आम्ही धरून चालतों.