पहिले चोवीस सामने



परवा नातवाचा फोन आला होता. आता कॉलेजात जातो, पण सवय लहानपणचीच. बास्केटबॉलचा हंगाम सुरू होऊन आठ-दहा सामने झाले की ह्याचं भाकीत तयार! मी म्हटलं, "अरे, २०१५ विसरलास का?" तो हसला. पण मला मात्र ते सगळं पुन्हा आठवलं, म्हणून आज लिहायला बसले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आम्ही दोघं लेकीकडे फ्रीमाँटला गेलो होतो. तिथून जवळच ऑकलंड, आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सचा संघ तेव्हा ऑकलंडमध्येच खेळायचा. जून २०१५ मध्ये त्यांनी क्लीव्हलँडला ४-२ असं हरवून विजेतेपद मिळवलं होतं. नवा हंगाम २७ ऑक्टोबरला सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात स्टीफन करीने ४० गुण केले. चार दिवसांनी ५३! नातू तेव्हा नऊ वर्षांचा. तो मला शेजारी बसवून नियम समजावून सांगायचा. जन्मभर इतिहास शिकवणाऱ्या बाईला असा कडक मास्तर पहिल्यांदाच भेटला.

मला खेळातलं फार कळत नव्हतं, पण एक गोष्ट दिसायची. ज्याच्या हातात चेंडू, तो तो फार वेळ धरून ठेवत नसे. खो-खोत चांगला गडी उगीच लांब धावत न सुटता वेळेवर खो देतो ना, तसं. ह्यांचे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे रजेवर होते आणि ल्यूक वॉल्टन हा त्यांचा तरुण मदतनीस संघ सांभाळत होता. तरी घडी विस्कटली नाही. १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सविरुद्ध २३ गुणांनी मागे पडूनही जिंकले. २४ नोव्हेंबरला सलग सोळावा विजय मिळवला आणि हंगामाच्या सुरुवातीच्या सलग १५ विजयांचा जुना विक्रम मोडला.

असे २४ सामने झाले. २४ विजय, पराभव शून्य. ११ डिसेंबरला बोस्टनमध्ये दोनदा जादा वेळ खेळून जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी थकलेल्या पायांनी मिलवॉकीत १०८-९५ असे हरले. नातू त्या रात्री जेवला नाही. मी त्याला जवळ घेऊन म्हटलं, "बाळा, चोवीस सामन्यांत जे दिसलं ते खोटं नाही. हेच पुन्हा जिंकणार, बघ."

इथेच मी चुकले.

मार्चअखेर आम्ही परत आलो. वॉरियर्सनी ८२ पैकी ७३ सामने जिंकून शिकागो बुल्सचा १९९५-९६ चा ७२ विजयांचा विक्रम मोडला. अंतिम फेरीत पुन्हा क्लीव्हलँडच. त्यात ३-१ अशी आघाडी घेतली. मग ड्रेमंड ग्रीनवर एका सामन्याची बंदी आली, अँड्र्यू बोगटचा गुडघा दुखावला, आणि सातवा सामना ९३-८९ असा हरले. आपल्याकडे तेव्हा २० जूनची सकाळ होती. मी पाच वाजल्यापासून टीव्हीसमोर. ८९-८९ अशी बरोबरी असताना कायरी आयर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांची बास्केट केली, आणि माझा चहा तसाच गार झाला. थोड्या वेळाने फोन आला. रडत म्हणाला, "आजी, तू तर म्हणाली होतीस!"

काय उत्तर देणार? पण विचार करता करता एक तारीख सापडली. आयर्विंगचा गुडघा जून २०१५ च्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात मोडला होता. तो मैदानात परतला २० डिसेंबरला. म्हणजे आम्ही चोवीस विजय मोजत होतो, तेव्हा ज्याने शेवटी आम्हाला हरवलं तो एकही सामना खेळलेला नव्हता! तो परतल्यावर लगेच काही बिघडलं असंही नाही. जानेवारीत वॉरियर्सनी क्लीव्हलँडला त्यांच्याच गावात ३४ गुणांनी हरवलं. त्यानंतर चारच दिवसांत त्यांनी आपला प्रशिक्षक बदलला. माणसं सावरायला वेळ लागतो.

वर्गात पानिपत शिकवताना मुलं हमखास विचारायची, "बाई, मग उदगीर जिंकून काय उपयोग झाला?" फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. मी सांगायची, "अरे, उदगीरचा विजय खराच होता. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना खराच चांगला होता. फक्त उदगीरला समोर अब्दाली नव्हता." हे वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभी राहून सांगत आले, आणि नातवाला धीर देताना नेमकं तेच विसरले.

खरं तर त्याच्याही आधी एकदा विसरले होते. शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायच्या मुलांची यादी मी जुलैच्या पहिल्या चाचणीवरून करायची. एका वर्षी एक मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे चाचणीला आलाच नाही. मी त्याचं नाव घातलं नाही. वार्षिक परीक्षेत तो वर्गात पहिला आला. निकाल घेताना माझ्या पाया पडला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. यादीतली मुलं हुशार नव्हती असं नाही. तो यादीत नव्हता, एवढंच.

तेव्हा मंडळी, सुरुवात बघून मत जरूर बनवावं. जे मैदानात उतरलेत त्यांच्याबद्दल ते बहुधा बरोबरच असतं. पण कोण अजून यायचंय, हेही एकदा विचारून घ्यावं.

परवा फोनवर नातवाला एवढंच म्हटलं, "आठ सामन्यांचं सांगितलंस ते ठीक. पण दुखापतीमुळे कोण कोण बाहेर आहे, ते सांग." तर म्हणाला, "आजी, आता तुला खेळ कळायला लागला!"

दहा वर्षं लागली. असो.