काकांची सकाळ आणि बाजाराचा बंद भाव

परवा दिवाळीच्या साफसफाईत काकांची पत्र्याची पेटी उघडली. आत विम्याच्या पावत्या, गॅसचं कार्ड आणि दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटांचा एक गठ्ठा. त्यातल्या एका नोटेवरची तारीख पाहून मी तिथेच फरशीवर बसलो. १७ मे २००४!

घरच्या मंडळींना ही तारीख सांगायला नकोच. "काका घाबरला, आणि नेमका तळाला विकून मोकळा झाला." हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक लग्नात एकदा तरी निघतं. काका हसतात, विडा लावतात. वीस वर्षं हेच चाललंय.

बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. १३ मे २००४ ला लोकसभेचे निकाल लागले, वाजपेयींचं सरकार गेलं. डाव्यांच्या पाठिंब्यावर येणारं सरकार निर्गुंतवणूक थांबवणार, या धास्तीने शुक्रवारी १४ तारखेला सेन्सेक्स ३३० अंशांच्या आसपास पडला. सोमवारी तर बांधच फुटला. दिवसभरात एका क्षणी ८४२ अंशांची घसरण झाली. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. शेवटी बाजार थोडा सावरला आणि ५६५ अंश खाली, ४५०५ वर बंद झाला. मंगळवारी तो सुमारे ३७० अंशांनी वर आला. म्हणजे एक दिवस थांबले असते तर... असं हे गणित आहे, आणि ते काकांना सगळ्यांनी ऐकवलं आहे.

मला शेअर बाजाराच्या जुन्या आकड्यांचा नाद आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मोठ्या पडझडीनंतर बाजार कसा सावरतो, हे सिडकोतल्या आमच्या माळ्यावरच्या खोलीत बसून तपासत असतो. म्हटलं, चला, काकांचा खटला आकड्यांसमोर ठेवू.

इथे पहिली ठेच लागली. रोजचे आकडे फुकट मिळतात. उघडताना, सर्वोच्च, नीचांक, बंद. एका दिवसाला चार आकडे, झालं. पण नीचांक नेमका किती वाजता आला, आधी काय झालं, नंतर काय झालं, हे त्या चार आकड्यांत नसतं. त्यासाठी मिनिटामिनिटाचे भाव लागतात. तेव्हा बाजार ९:५५ ला उघडून ३:३० ला बंद व्हायचा. म्हणजे दिवसाची ३३५ मिनिटं, आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर एका शेअरच्या ८३ हजारांवर ओळी. (आता ९:१५ ला उघडतो, म्हणून ३७५ मिनिटं. जुने-नवे आकडे एकत्र जोडताना हे विसरलं की सगळंच चुकतं. मी विसरलो होतो!)

अलीकडच्या वर्षांचे मिनिटांचे आकडे काही दलालांच्या एपीआयमधून परवडणाऱ्या दरात मिळतात. हौशी लोकांनी जमवलेले संचही आहेत. पण २००४? एका विक्रेत्याला फोन केला. दर ऐकला, आभार मानले आणि चहा गार व्हायच्या आत पिऊन टाकला. आमच्यासारख्यांच्या खिशाचं ते काम नव्हे.

मग लक्षात आलं की या क्षणांचा इतिहास मुळातच किती छोटा आहे. मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा, पण तिथे १९९५ पर्यंत रिंगणात ओरडून सौदे व्हायचे. राष्ट्रीय शेअर बाजारात ३ नोव्हेंबर १९९४ ला पडद्यावर शेअर्सचे सौदे सुरू झाले, मुंबईच्या बाजारात १४ मार्च १९९५ ला. त्याआधीचं मिनिट म्हणजे कुणाच्या तरी घशातून निघून विरून गेलेला आवाज. हर्षद मेहताच्या १९९२ च्या दिवसांचेही असे मिनिटामिनिटाचे भाव कुठल्या संगणकात नाहीत.

पण २००४ चं मिनिट होतं की! माझ्या हातातच होतं. कॉन्ट्रॅक्ट नोटेवर सौद्याची वेळ छापलेली असते. काकांच्या स्टेट बँकेच्या शेअर्ससमोर भाव होता आणि वेळही होती. (हा भाव आजच्या तक्त्याशी थेट जुळत नाही. २०१४ ला बँकेने दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दहा केले, म्हणून तक्त्यात जुने भाव भागून ठेवलेले असतात.)

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मे २००४ च्या वर्तमानपत्रांच्या फायली काढल्या. धूळ, शिंका, आणि १८ तारखेचं पहिलं पान. बाजार कधी थांबला, कधी सुरू झाला, सगळं दिलेलं. यासाठी खर्च झाला तो फक्त रिक्षाचा.

काकांचा सौदा दोन थांब्यांच्या मधल्या फटीतला निघाला.

आता नियम पाहा. निर्देशांक १० टक्के पडला तर व्यवहार थांबतात, १५ टक्क्यांना पुन्हा थांबतात आणि २० टक्क्यांना त्या दिवसापुरता बाजारच बंद. पहिला थांबा होऊन गेलेला, बाजार उघडताच पुन्हा पडतोय, आणि हा माणूस तेव्हाच्या औरंगाबादेत गुलमंडीवरच्या दलालाच्या कोंदट खोलीत उभा आहे. आज दार बंद झालं तर उद्या काय, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बंद भाव ४५०५, हे आपल्याला ठाऊक आहे. मंगळवारची उसळी आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यासमोर यातलं काहीच नव्हतं.

आणखी एक. काकांचा भाव दिवसाचा नीचांक नव्हताच! फुकटच्या चार आकड्यांशी ताडून पाहिलं, त्यांचा भाव तळाच्या बऱ्यापैकी वर होता. "नेमका तळाला" हा भाग आपण घरात बसून जोडलेला. तोटा खरा, पण गोष्ट आपली.

म्हणजे काका बरोबर होते का? नाही. थांबायला हवं होतं, हे ते स्वतःच म्हणतात. पण दिवसाच्या शेवटच्या आकड्यावरून सकाळच्या माणसाचा न्याय करायचा, ही सवय मात्र माझी सुटली. इतिहास वाचतानाही आपण हेच करतो बहुतेक.

संध्याकाळी नोट आणि माझी टिपणं काकांसमोर ठेवली. चष्मा लावून त्यांनी वेळ वाचली, बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "पंखा बंद होता रे तिथला. लाइट गेली होती."

एवढंच. हे कुठल्याच आकड्यांत नव्हतं.

असो. जुन्या नोटा रद्दीत घालू नका. आणि पुढच्या लग्नात तो विनोद जरा जपून!