रस्त्याचा हक्क : गाडी चालवताना घाई, झोप आणि मोबाईल

रस्त्यात पडलेला दगड किंवा काटा बाजूला करणं हासुद्धा ईमानचा एक भाग आहे, हे आपण लहानपणीच मकतबमध्ये शिकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'रस्त्याचा हक्क' अदा करायला सांगितला. आपल्यामुळे कुणालाही त्रास होऊ नये, ही बाब त्यात येते. पण बाईकची किल्ली हातात आली की हा धडा बहुतेक वेळा घरीच राहतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात महाराष्ट्रातले १५ हजारांहून अधिक होते. सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलं गेलं. खड्डे आणि चुकीची वळणं यांची जबाबदारी सरकारची आहेच, ती मागत राहू. पण वेग, लक्ष आणि सवयी या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

घाई

इकामत ऐकू आली तरी धावत येऊ नका, शांतपणे चालत या, जेवढी नमाज मिळेल तेवढी जमातीसोबत पढा आणि उरलेली नंतर पूर्ण करा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. नमाजसाठीही धावपळ नको, तर इफ्तारसाठी सिग्नल तोडणं कसं चालेल? रमजानमध्ये मगरिबच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर सर्वांत घाईचा असतो. गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. वेळ झाली की सुरक्षित जागी थांबून रोजा सोडा, मग पुढे निघा.

घाईचा हिशेबही तपासून पाहा. २० किलोमीटरचं अंतर ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने कापलं, तर फार तर पाच मिनिटं वाचतात. त्याच वेळी ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं. समोर अचानक मूल आलं, तर पाच मिनिटांची किंमत काय पडेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मोबाईल

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद मान खाली घातली, तर ५० मीटर रस्ता आपण न बघताच पार करतो. इअरफोन लावला तरी डोळे रस्त्यावर आणि मन बोलण्यात, अशी गत होते. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गुन्हा आहे. नकाशा निघण्यापूर्वीच लावा आणि फोन शेजारच्याकडे द्या.

यात घरच्यांचाही वाटा आहे. माणूस रस्त्यात आहे हे माहीत असूनही आपण "कुठवर आलात?" म्हणून चार-चार वेळा फोन करतो. तो उचलत नसेल तर बरंच आहे, असं समजावं.

झोप

पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप सुस्तावतं. तरावीह, सहरी आणि फजरनंतर लगेच लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला याचा धोका जास्त. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. सारख्या जांभया येणं, गाडी लेनबाहेर सरकणं, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं ही झोपेची लक्षणं आहेत. काच उघडून किंवा आवाज वाढवून झोप जात नाही. गाडी थांबवून १५-२० मिनिटं डुलकी घ्या. रोजा नसेल तर चहा घ्या. प्रवाशाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत सूरह बकरात दिली आहे, हेही लक्षात असू द्या.

मुलं आणि बाईक

शब-ए-बारातची रात्र इबादतीची असते. त्या रात्री तिघं-तिघं बाईकवर बसून शर्यती लावतात, तेव्हा दोष फक्त मुलांचा नसतो, चावी देणाऱ्याचाही असतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच, चार वर्षांवरील मुलांनाही. नमाजची टोपी हेल्मेटचं काम करत नाही, ती खिशात ठेवा. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : बुरखा किंवा ओढणी मागच्या चाकात अडकून होणारे अपघात टाळता येतात. चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारा गार्ड नियमानुसारच आवश्यक आहे. तो काढून टाकला असेल तर परत बसवा आणि निघण्यापूर्वी पदर-ओढणी आवरली का ते पाहा.

अपघात दिसला तर

पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने अनेक जण पुढे होत नाहीत. कलम १३४अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणं, ही सूरह माइदाची शिकवण इथेच कामी येते.

जुम्याच्या दिवशी मशिदीसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडली, तर तोही रस्त्याच्या हक्काचा भंगच. विश्वस्तांनी खुत्ब्यापूर्वी दोन मिनिटांची सूचना द्यावी, स्वयंसेवक उभे करावेत. आणि घरी आपण एवढं ठरवू : लायसन्स नाही तर चावी नाही, हेल्मेट नाही तर सवारी नाही, झोप आली तर प्रवास नाही. उशीर झाला तर घरचे वाट पाहतील, हरकत नाही.