मळ कोणता, हे ठरवणारा साबण

इसापाच्या नावावर एक कथा आहे, जी आपल्याकडे मुलांना फारशी सांगितली जात नाही. एक माणूस काळ्या वर्णाचा गुलाम विकत घेतो. आधीच्या धन्याने त्याला कधी धुतलेच नाही, अशा समजुतीने त्याला घासत सुटतो. रंग जात नाही, गुलाम मात्र आजारी पडतो. युरोपात व्यर्थ खटाटोपाचा दाखला म्हणून ही कथा कित्येक शतके वापरली गेली. १८८४ साली लंडनच्या पिअर्स साबणाने तिचा शेवटच फिरवला. जाहिरातीत दोन चित्रे होती. एकात गोरा मुलगा टबात बसलेल्या काळ्या मुलाला आंघोळ घालतो आहे. दुसऱ्यात काळा मुलगा टबाबाहेर आला आहे, चेहरा तसाच, पण मानेखालचे अंग पांढरे झालेले. साबणाच्या जाहिरातीचा मागोवा घ्यायचा तर आपण इथून निघावे, कारण त्वचेचा रंग म्हणजे मळ, हे विधान एकाही शब्दात न करता इथे करून टाकले आहे. या कंपनीची सूत्रे तेव्हा थॉमस बॅरट या पिअर्स घराण्याच्या जावयाकडे होती. जॉन मिले या नामांकित चित्रकाराने आपल्या नातवाचे साबणाचे फुगे सोडतानाचे चित्र १८८६ साली काढले, तेही बॅरटने मिळवून त्यात पिअर्सची वडी रंगवून घेतली. (तो गोंडस नातू पुढे ब्रिटिश आरमारात अ‍ॅडमिरल झाला आणि ‘बबल्स’ हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटले.) १८९९ साली पिअर्सने तर सरळ किपलिंगच्या त्याच वर्षीच्या गाजलेल्या कवितेचे शीर्षक उचलले, मनिलाच्या लढाईचा विजेता अ‍ॅडमिरल ड्यूई हात धुताना दाखवला, आणि गोऱ्या माणसावरचे ओझे हलके करण्याची पहिली पायरी म्हणजे स्वच्छतेची शिकवण, असे बजावले.

हाच माल आपल्या बंदरांत उतरत होता. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी आली, तेव्हा वड्यांवर ‘लिव्हर ब्रदर्स, मेड इन इंग्लंड’ असे कोरलेले होते. वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती. ती अक्षरेच जाहिरात होती. पण १९०५च्या स्वदेशी चळवळीने तीच अक्षरे डाग ठरवली, आणि त्यात एक जुना संशयही मिसळला. विलायती साबणात जनावराची चरबी असते. चरबी म्हटले की १८५७च्या काडतुसांची आठवण या देशात ताजी होई. कुलपांच्या धंद्यात नाव कमावलेल्या आर्देशीर गोदरेज यांनी हे नेमके हेरले आणि १९१८ साली वनस्पती तेलांचा ‘चावी’ साबण बाजारात आणला. हे तेच आर्देशीर, ज्यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. पुढे गोदरेज साबणाच्या जाहिरातीत खुद्द रवींद्रनाथ ठाकूर झळकले. याहून चांगला परदेशी साबण आपल्याला ठाऊक नाही, असा त्यांचा अभिप्राय छापला गेला. इतरांना स्वच्छ करायला निघालेल्या वस्तूलाच इथे आपले सोवळे सिद्ध करावे लागले. मळ आता अंगावर नव्हता, साबणात होता.

यानंतरचे वळण मराठी वाचकाच्या जवळचे आहे. लक्स साबण भारतात १९२९ साली आला. हॉलिवूडच्या तारका आपला साबण म्हणून त्याची शिफारस करत. १९४१ साली या मालिकेत पहिला भारतीय चेहरा आला तो लीला चिटणीस यांचा. धारवाडात जन्मलेल्या, पदवीधर, ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या वर्तुळातून पडद्यावर आलेल्या लीलाबाई तेव्हा बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ आणि ‘बंधन’मुळे घरोघरी माहीत होत्या. आपण तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. घरंदाज बाईने चित्रपटात काम करणे लोकांच्या नजरेत अजून पुरते धुतले गेले नव्हते. रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुष करत आले होते, तो बालगंधर्वांचा जमाना कालपरवाचाच. अशा वेळी एक सुशिक्षित ब्राह्मण स्त्री साबणाची वडी घेऊन वाचकांसमोर आली, तेव्हा तिने साबणाला सौंदर्य दिले आणि साबणाने तिला प्रतिष्ठा दिली. हा सौदा दोन्ही बाजूंनी फायद्याचा होता, म्हणून तो टिकला. २००५ साली त्याच लक्सच्या जाहिरातीत शाहरूख खान गुलाबाच्या पाकळ्यांच्या टबात बसला.

जाहिरातींचा असा अर्थ लावणे ही विद्यासुद्धा साबणाच्या फेसातून वर आली, हे गमतीचे आहे. १९५४ साली पॅरिसमध्ये डिटर्जंटवाल्यांची जागतिक परिषद भरली होती. तिचे निमित्त करून फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी साबणचुऱ्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तो १९५७च्या त्यांच्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात आहे. फेस कपडे स्वच्छ करतो की नाही हे गौण, तो चैनीचा भास देतो, असे त्यांचे निरीक्षण. आणि एकमेकांशी झुंजणारे पर्सिल व ओमो हे दोन्ही एकाच युनिलिव्हरचे, हा शेवटचा चिमटा.

आपल्याकडे १९७५ साल या दृष्टीने विलक्षण ठरले. त्या वर्षी कोडाईकनालच्या धबधब्याखाली लिरिल साबणाच्या जाहिरातीतली तरुणी नाचली. जाहिरातकार अलिक पदमसी सांगत की मध्यमवर्गीय गृहिणीला दिवसात स्वतःची अशी दहाच मिनिटे मिळतात, ती न्हाणीघरात. जाहिरात त्या एकांताची होती. एकत्र कुटुंबाविषयीची ही तक्रार कोणी इतक्या उघडपणे लिहिली असती तर गदारोळ झाला असता. आणि त्याच वर्षी फेअर अँड लव्हली बाजारात आले. हे क्रीम, साबण नव्हे. पण वंशावळीने पिअर्सचेच. उजळलेल्या मुलीला नोकरी, नवरा आणि बापाचा अभिमान एकाच नळीतून मिळू लागला. सावळी त्वचा दुःखी दाखवू नये, असे जाहिरात मानक परिषदेला सांगायला २०१४ साल उजाडावे लागले.

मग २००५च्या सुमारास सर्फ एक्सेलने डाग चांगले असल्याचे जाहीर केले. भावंडासाठी चिखलात लोळणाऱ्या मुलाचा डाग पुण्याचा ठरला. मात्र २०१९च्या होळीत याच साबणचुऱ्याच्या जाहिरातीतली हिंदू मुलगी मुसलमान मित्राला रंगांपासून वाचवत मशिदीपर्यंत नेते, तेव्हा बहिष्काराची हाक उठली. संतापाच्या भरात काहींनी मायक्रोसॉफ्ट एक्सेललाही वाईट शेरे देऊन टाकले. आणि २०१७ साली डव्हच्या एका जाहिरातीत काळी स्त्री अंगातला शर्ट काढते आणि आतून गोरी स्त्री प्रकटते, यावरून कंपनीला माफी मागावी लागली. डव्ह युनिलिव्हरचे, आणि पिअर्स लिव्हर ब्रदर्सने १९१७ साली विकत घेतलेले: घर एकच. २०२० साली फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ जाऊन तिथे ‘ग्लो’ आला. शब्द बदलणे सोपे होते, म्हणून तो आधी बदलला.