तळटीप : स्पितीच्या डोंगरातला ‘शंख’

३. लेखक ज्याला ‘शंख’ म्हणतात तो अ‍ॅमोनाइट, म्हणजे आज नामशेष झालेला समुद्री प्राणी. वेटोळे शंखासारखे असले, तरी त्याचे जवळचे नाते गोगलगायीशी नसून माकूळ आणि अष्टपाद यांच्याशी आहे. दगड मधोमध फुटला की आतल्या कप्प्यांच्या भिंती दिसतात. प्राणी सर्वांत बाहेरच्या, मोठ्या कप्प्यात राही. मागच्या कप्प्यांतल्या वायूमुळे तो पाण्यात तरंगत असे. मेल्यावर कवच टेथिस समुद्राच्या तळाशी चुनखडीच्या गाळात रुतले आणि थरांवर थर साचून त्या गाळाचा चुनखडक झाला. स्पितीतले ट्रायासिक काळातले चुनखडक साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि हा समुद्रतळ वळ्या पडत वर उचलला गेला. पुढे हिमालयाने पावसाळी ढग अडवले. स्पिती शीत वाळवंट बनले. झाडोरा नसल्याने तिथले थर उघडे आहेत, म्हणून जीवाश्म सहज नजरेस पडतात.

लेखकाच्या बंगळुरात, लालबागेच्या टेकडीवर, असे काही सापडणार नाही. तो पट्टिताश्म (नाईस) सुमारे ३०० कोटी वर्षांचा, भूगर्भात उष्णतेने व दाबाने घडलेला. तेव्हा कवचधारी प्राणी पृथ्वीवर नव्हतेच. स्पितीला जाणाऱ्या वाचकांना कळकळीची विनंती : जीवाश्म पाहावेत, उचलून आणू नयेत. थरापासून सुटलेल्या जीवाश्माचा काळ ठरवणे फार अवघड होते. – संपादक