हिंदुस्थानच्या नांवाची कडू बिअर



पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांत अलीकडे एका कडू आणि बऱ्याच कडक बिअरचा बोलबाला फार आहे. तिचें पुरें नांव 'इंडिया पेल एल'. तरुण मंडळी नुसतें 'आय. पी. ए.' म्हणतात. ती चाखून तिच्या गुणदोषांचीं टिपणें लिहिणारांचा एक वर्गच निर्माण झाला आहे. बैठकींत गवयाच्या तानेची चिकित्सा व्हावी तशी ही मंडळी एका पेल्याची करतात. सोलापुरांत इतिहासाचे तास घेऊन निवृत्त झालेल्या मास्तरानें या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. माझें उत्तर एवढेंच कीं, ज्या जिनसेवर आपल्या देशाचें नांव चिकटलेलें आहे, तिची जन्मपत्रिका मांडून पाहण्याचा हक्क आपणांस आहे. आणि या बिअरची जी पत्रिका सर्वत्र वाचली जाते, तींत पदरचें बरेंच घातलेलें आहे.

ती कथा अशी. अठराव्या शतकांत विलायतेहून हिंदुस्थानांत येणारी बिअर वाटेंत नासून जाई. कंपनीचे गोरे नोकर येथील उन्हानें हैराण होऊन तोंड वाळवून बसत. तेव्हां लंडनच्या हॉजसन नांवाच्या एका बिअर करणारास युक्ति सुचली. त्यानें मद्याचा अंश वाढविला, हॉपचीं फुलें मूठभर अधिक टाकलीं, आणि हिंदुस्थानापर्यंत टिकणारी एक नवी बिअर जन्मास आली. कथा सुटसुटीत आहे, आणि इतिहासांत अति सुटसुटीत कथा आढळली कीं ती एकदां उलटी करून पाहावी, असें मी मुलांस नेहमीं सांगत असें.

उलटी करून पाहतां पहिलीच गोष्ट आढळते ती ही कीं, सर्व बिअर नासत नव्हती. लंडनहून निघालेलें जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाला वळसा घालून मुंबईस पोंचेपर्यंत चार ते सहा महिने लागत आणि विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. तरीहि 'पोर्टर' नांवाची काळसर बिअर पिंपेंच्या पिंपें येथें येत होती आणि सामान्य गोरे शिपाई तीच पीत. फिकट रंगाची 'पेल एल' ही मुख्यतः अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची आवड. उष्ण देशांत पाठवावयाच्या बिअरींत हॉप जास्त घालावे, हा सल्लाहि १७६० च्या दशकांतच बिअर करणारांस दिला जात होता. मग हॉजसननें शोध तो कोणता लावला?

जॉर्ज हॉजसन यानें १७५२ मध्यें लंडनच्या पूर्वेस 'बो' या ठिकाणीं आपला धंदा सुरू केला. कंपनीचीं जहाजें जेथें लागत तो ब्लॅकवॉलचा धक्का तेथून जवळ. जहाजांच्या कप्तानांस स्वतःचा खाजगी माल नेण्याची मुभा असे. ते हॅम, चीज, कांचसामान, टोप्या आणि बिअर हिंदुस्थानांत आणून विकीत. त्यांना बिअर हवी होती ती हाताशीं मिळणारी. हॉजसन ती देई, आणि पैशासाठीं अठरा अठरा महिने थांबे. जहाज जाऊन परत येईपर्यंत कप्तानाला खिशास हात लावावा लागत नसे. 'आज रोख, उद्यां उधार' ही पाटी ज्यांनीं किराण्याच्या दुकानांत पाहिली आहे त्यांस या धोरणाचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. माझ्या मतें हॉजसनची खरी करामत भट्टींत नसून खातेवहींत होती.

त्यानें पाठविलेली बिअरहि अगदीं नवी नव्हती. इंग्लंडांतील जमीनदारांच्या घरीं शरद् ऋतूंत नव्या सातूची एक दमदार फिकट बिअर करून ती वर्ष-दोन वर्षें तळघरांत मुरत ठेवण्याची चाल होती. लोणचें मुरावें तशी ती मुरे. तीच पिंपें जहाजावर चढलीं आणि लाटांच्या हेलकाव्यांनीं व विषुववृत्ताच्या उष्म्यानें तिचें मुरणें कांहीं महिन्यांतच उरकलें. नासण्याच्या भीतीनें पाठविलेली वस्तु प्रवासानें उलट सुधारली, एवढाच या प्रकरणांतील दैवयोग.

पुढें हॉजसनच्या वारसांस लोभ सुटला. १८२० च्या सुमारास त्यांनीं उधारी आखडली आणि कप्तानांना बाजूस सारून स्वतःच माल पाठविण्यास आरंभ केला. कंपनीच्या संचालकांस हें रुचलें नाहीं. १८२२ मध्यें मार्जोरीबँक्स नांवाच्या संचालकानें बर्टन येथील सॅम्युएल ऑलसप याची गांठ घेऊन अशीच बिअर करण्यास त्यास सुचविलें. रशियाच्या नव्या जकातीमुळें ऑलसपचें तिकडचें गिऱ्हाईक नुकतेंच बुडालें होतें. त्याच्या कारागिरानें पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलींत करून पाहिला! ही आख्यायिका मी आख्यायिका म्हणूनच सांगतों. परंतु किटलीपेक्षां महत्त्वाचें होतें तें बर्टनच्या विहिरींचें पाणी. त्यांत जिप्सम विरघळलेलें असतें. ज्या जड पाण्यांत आपली तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, त्याच जातीचें तें. पण हॉपच्या कडवटपणाला तें स्वच्छ धार आणतें. लंडनच्या पाण्यास हें साधत नव्हतें. ऑलसप, त्यामागून बास, यांनीं थोड्याच वर्षांत हॉजसनला हिंदुस्थानच्या बाजारांतून मागें रेटलें.

आणि नांव? 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापलेले प्रथम आढळतात ते मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या पत्रांत नव्हे, १८२९ सालच्या ऑस्ट्रेलियांतील सिडनीच्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरातींत. हिंदुस्थानचें नांव दुसऱ्याच खंडांत माल खपविण्यास उपयोगी पडलें.

आतां आपल्या बाजूस काय चाललें होतें तें पाहूं. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला आणि येथें पलटणींची छावणी पडली. 'लष्कर' या भागाचें नांव त्या दिवसांची खूण म्हणून राहिलें आहे. परदेशी बिअर ही छावणीच्या मेजावरची वस्तु. गांवच्या लोकांचें पेय म्हणजे शिंदी. पहाटे झाडावरून उतरलेला रस गोड असतो, उन्हें चढूं लागलीं कीं आंबूं लागतो आणि सायंकाळपर्यंत त्याची तऱ्हाच पालटते. त्यास ना सहा महिन्यांचा प्रवास, ना हॉप. या झाडांवर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें सरकारचा हात घट्ट बसला. रस काढावयाच्या प्रत्येक झाडामागें कर, विक्रीस परवाना. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्यानें रानांतील मोहाचीं फुलें गोळा करण्यावरहि बंधन आलें. दारूबंदीचा पुरस्कार मी करतों कीं नाहीं हा प्रश्न येथें नाहीं. पण ज्या सरकारनें हीं झाडें मोजलीं त्यास लोकांच्या नीतीपेक्षां तिजोरीची चिंता अधिक होती, हें म्हणावयास हरकत नसावी.

म्हणूनच शिंदीचें झाड तोडणें हा कायदेभंगाचा एक प्रकार झाला. १९३० च्या मे महिन्यांत गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलें. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या बाजूस शिंदीचीं झाडें तोडण्यास जमाव गेला, धरपकड झाली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. पोलीस चौक्या व कचेरी जळाली. लगोलग लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याच्या तुरुंगांत फांसावर चढले. या गांवांत 'अबकारी' हा शब्द नुसता जमाखर्चाचा नाहीं. विलायती बिअरीच्या चवीवर ग्रंथ झाले; शिंदीच्या चवीवर कोणी चार ओळी लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं, तिच्यावर लिहिलें तें अबकारीच्या दप्तरांत.

असो. बिअरीकडे परत येतों. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बर्फाची यंत्रें आलीं, १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला, हिमालयाच्या थंड हवेंत कसौली, मरी अशा ठिकाणीं कारखाने चालूं लागले, आणि पुढें हलक्या जर्मन धर्तीच्या बिअरीनें जगाची जीभ जिंकली. इंग्लंडांतहि 'इंडिया पेल एल' हें नांव हळूहळू पाणचट मालावर मिरवूं लागलें. तिला पुनर्जन्म मिळाला तो अमेरिकेंत. तेथें १९७२ मध्यें 'कॅस्केड' नांवाची हॉपची नवी जात लागवडीस मिळाली. तिचा वास आपल्या पपनसाच्या सालीसारखा. लहान लहान कारखान्यांनीं ती सढळ हातानें वापरली. १९९४ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका कारागिरानें हॉप दुप्पट घालून 'डबल' आय. पी. ए. केली, आणि आठ टक्के मद्यांशाच्या बिअरींची चढाओढ लागली. गंमत अशी कीं, जुनी हिंदुस्थानी बिअर तिच्या काळच्या मानानें मुळींच फार कडक गणली जात नसे! 'हिंदुस्थानाकरितां कडक केली' हें वाक्य आजच्या बाटलीवरून मागें इतिहासांत शिरलें आहे.

हॉप म्हणजे काय हेंहि सांगितलें पाहिजे. ही वेल भांगेच्या कुळांतली. मादी वेलीच्या फुलोऱ्यांत पिवळी धूळ असते. ती उकळली कीं कडूपणा उतरतो आणि बिअर आंबट करणाऱ्या जंतूंस आळा बसतो. उशिरां किंवा थंड बिअरींत टाकली तर कडूपणापेक्षां सुगंध अधिक मिळतो. हिला उन्हाळ्याचे लांब दिवस लागतात, म्हणून सोलापुरास ती होणार नाहीं. हिमाचलांतील लाहौलच्या खोऱ्यांत होते.

महाराष्ट्रांत या लाटेचा आरंभ पुण्यास २००९ सालीं 'डूलाली' या लहान कारखान्यानें केला. हें नांव ऐकून हंसूं नये. तें आपलें नाशिकजवळचें देवळाली आहे. १८६१ पासून तेथें गोऱ्या शिपायांचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तेथें महिनेन् महिने कंटाळत पडत आणि कांहींचें डोकें फिरे. त्यावरून इंग्रजींत वेडसरपणाला 'डूलाली टॅप' म्हणूं लागले. यांतील 'टॅप' म्हणजे आपला ताप.

पुण्यास भाच्याच्या आग्रहावरून मीं ही बिअर दोन घोट चाखली. परीक्षा कशी करतात तें त्यानें दाखविलें: प्रथम रंग आणि फेस पाहावा, मग पेला किंचित् हलवून वास घ्यावा, आणि घोट जिभेवर सर्वत्र फिरवून गिळावा. वाइनचे परीक्षक पुष्कळदां घोट थुंकून टाकतात. बिअरचे सहसा गिळतात, कारण कडूपणाचा खरा निवाडा गिळल्यानंतर घशांत होतो. मला आधीं पपनस, मग भाजलेल्या सातूचा गोडवा, आणि शेवटीं मेथीच्या दाण्यासारखा रेंगाळणारा कडूपणा लागला. कारलें आणि पाडव्याचा कडुनिंब खाल्लेल्या जिभेला त्याचें भय वाटण्याचें कारण नाहीं. कडूपणा मोजण्याचें एक मापहि आहे: लिटरमागें हॉपच्या कडू द्रव्याचे किती मिलिग्रॅम, तो आंकडा. पण गोडवा भरपूर असेल तर साठाची बिअर चाळिसाच्या बिअरीहून सौम्य लागते, म्हणून नुसत्या आंकड्यावर गुण देणारा परीक्षक मला कच्चा वाटतो.

दुसरी एक चूक हे परीक्षक वारंवार करतात. एखादी बिअर 'अस्सल जुन्या धर्तीची' म्हणून ते वाखाणतात. हॉपचा सुगंध हा कापरासारखा. कांहीं आठवड्यांतच उडूं लागतो. सहा महिने पिंपांत हिंदकळून मुंबईस आलेल्या बिअरींत पपनसाचा वास कोठून राहणार? तींत उरला असेल तो मुरलेला कडूपणा, लाकडाची छटा आणि रानटी यीस्टचा तबेल्यासारखा किंचित् उग्र दर्प. ज्या यीस्टमुळें हा दर्प येतो तें एका डॅनिश शास्त्रज्ञानें १९०४ मध्यें इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरींतच ओळखलें. म्हणजे हॉजसनच्या गिऱ्हाइकाला जी बिअर पक्व वाटे ती आजचा परीक्षक शिळी म्हणून परत पाठवील, आणि आजची ताजी बिअर त्या गिऱ्हाइकाला कोवळी वाटेल. कायद्यानें एकवीस वर्षें पुरीं झालेल्या कोणास ही बिअर पारखावयाचीच असेल, तर त्यानें बाटलीवरील कथा वाचण्याआधीं ती भरल्याची तारीख वाचावी, आणि बाटली उन्हांत ठेवलेली नव्हती ना, एवढें दुकानदारास विचारावें.