सातबारा, आठ-अ आणि ऐंशी रकाने

मेनफ्रेम संगणकावरचं ‘सॉर्ट’ म्हटलं की ते आपल्यापासून फार लांबचं वाटतं. पण दापोली तालुक्यातल्या या बुरोंडीत, किंवा कोकणातल्या कुठल्याही गावात, तेच काम महसुली दप्तरात कागदावर होत आलंय.

सातबारा बघा. तो जमिनीच्या क्रमाने लावलेला असतो: भूमापन क्रमांक, हिस्सा, भोगवटादारांची नावं, क्षेत्र, आकार. आता मुंबईच्या चाकरमान्याला विचारायचंय, ‘गावात माझ्या नावावर एकूण काय आहे?’ त्यासाठी आठ-अ. माहिती तीच, फक्त खातं आधी आलं आणि जमिनी त्याच्याखाली गेल्या. क्रम बदलला, रकान्यांची जागा बदलली.

हेच काम यंत्राने कसं केलं? १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन होलेरिथ यांची छिद्रांची कार्डं वापरली गेली. १९२८ मध्ये आयबीएमने ऐंशी रकान्यांचं कार्ड आणलं. कार्डं लावणारं यंत्र एका फेरीत एकच रकाना बघे. म्हणून तीन आकडी क्रमांकासाठी उजवीकडून सुरुवात करून तीन फेऱ्या! १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टम ३६०’ जाहीर केली. पुढे कार्डं गेली, ठरलेली रुंदी मात्र राहिली.

अशा नोंदीत दोन रकान्यांमध्ये रेघ नसते, स्वल्पविराम नसतो. अर्थ फक्त जागेवरून कळतो. ‘डीएफसॉर्ट’सारख्या साधनाला आपण सांगायचं: पहिल्या जागेपासून तीन अक्षरं चढत्या क्रमाने लाव, मग एकेचाळिसाव्या जागेपासूनची आठ अक्षरं उचलून पुढे ठेव. दोन-चार ओळींच्या सूचना, वेगळा प्रोग्राम लिहायला नको.

पण यंत्राला आकडा आणि अक्षर यातला फरक आपणच सांगावा लागतो. क्रमांक अक्षरं म्हणून डावीकडून लिहिले, तर ११२ आधी येतो, मग १२, मग २. म्हणून ००२, ०१२, ११२ असे शून्य भरून लिहायचे.

खरा धोका नावाचा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, चुलतभाऊ अशी कितीतरी नावं; त्यात आजोबांचं नाव नातवाला. नावाला वीसच जागा दिल्या की वडिलांचं नाव किंवा आडनाव बाहेर पडतं, आणि दोन वेगळे हिस्सेदार कागदावर एकसारखे दिसू लागतात. काम संपल्यावर डीएफसॉर्ट नोंदींची मोजदाद देतं: आत इतक्या, बाहेर इतक्या. ती तंतोतंत जुळते, कारण नोंद हरवलेली नसतेच. हरवलेला असतो नोंदीतला माणूस.

म्हणून आपण म्हणतो, मोजदाद जुळली तरी मूळ नोंदी लगेच टाकू नयेत. क्षेत्राची बेरीज करावी, नावं शेजारी ठेवून वाचावीत. आणि ती वाचायला गावातलंच कुणीतरी जाणतं माणूस बसवावं. कुठला नातू आणि कुठला आजोबा, हे त्यालाच ठाऊक असतं.